समुद्राची ओटी

नवऱ्याचा राग यायला सुशीलाबाई लंजेंना काही फार मोठं कारण लागत नसे. पण त्या दिवशी कोचीच्या बाजारात आला, तसा राग अख्ख्या संसारात आला नव्हता.

त्यांचा पोरगा हिमांशू प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात नोकरीला. त्याच्याच सवलतीच्या तिकिटावर गोंदियातल्या अर्जुनीकडचं हे जोडपं मुंबईहून जहाजात चढलं. सभोवार पाणीच पाणी, पण हात लावायची सोय नाही, सगळं खाली खोल. म्हणून बाईंचा सारा जीव कोचीवर. तिथं जहाज दिवसभर थांबणार होतं.

बाईंना एकच करायचं होतं: समुद्राची ओटी भरायची. पोरगं वर्षाकाठी घरापेक्षा जास्त त्याच्या अंगावर असतं, मग त्याचा मानपान नको? खण, हळकुंड, सुपारी आणि इटियाडोह धरणाच्या पाण्यावर पिकलेला घरचा नवा चिन्नोर तांदूळ, सगळं बांधून आणलं होतं.

"समुद्र बाप्या आहे. बाप्याची ओटी कोन भरते?" नवरा, दुधराम, निघतानाच म्हणाला होता.

"पानी बाईच असते. तुमाले काय समजते?"

हिमांशूला सुट्टी नव्हती. उतरताना त्यानं बजावलं, "बा, चारच्या आत या. जहाज कोनासाठी थांबत नाही." बाहेर नारळ घेतला, तो पिशवीत मावेना, म्हणून बाईंनी तांदळाची पुरचुंडी नवऱ्याच्या खिशात दिली. इथंच बाई चुकल्या.

रिक्षा समुद्राकडं निघाली आणि वाटेत जुना बाजार लागला. दुकानासमोर उघडी पोती, त्यात लाल, जाड तांदूळ. झालं! धानाच्या व्यापारात जन्म गेलेला माणूस तो. फुलचूरला साडूच्या पोरीच्या लग्नात अक्षतासुद्धा दाताखाली फोडून पाहिलेल्या. रिक्षा थांबायच्या आत उतरला. मूठभर घेतला, चोळला, फुंकला, चावला. मग दुकानदाराला, धान उकडून उसना कसा करता, भरडाईत तांदूळ किती निघतो, तुकडा किती पडतो, सुरूच.

"अवो, चला ना! काऊन वेळ घालवून राहिले?"

"समुद्र काय पळून जाते?"

"समुद्र नाही पळत. जहाज पळते!"

पण ऐकतो कोण! रिक्षावाला भाडं वाढवून मागू लागला, त्याच्याशी हातवारे करून भांडण्यात बाईंचा आणखी वेळ गेला. वळून पाहतात तर दुधरामच्या हातात ती पुरचुंडी, सुटलेली.

"ये देखो सेठ, इसको बोलते चावल!"

सेठनं वास घेतला, मान डोलावली, दोन दाणे चावले. दुधरामनंही चावले. आणि गोंदियाच्या बाजारात नमुना दाखवला की परत बांधायचा नसतो, तो व्यापाऱ्याकडंच राहतो, त्या सवयीनं त्यानं उरलेला सगळा चिन्नोर सेठच्या पोत्यावर ओतला. लाल तांदळात पांढरे दाणे पार मिसळून गेले.

बाईंचा आवाज सगळ्या बाजारानं ऐकला. "बाप्पा! पोराच्या नावाचा तांदूळ होता तो! तुमी नमुना करून टाकला? अकलेचं दिवाळं निघालं काय तुमच्या?"

दुधरामचा चेहरा उतरला. "इथलाच घेऊ ना किलोभर..."

"परक्याच्या शेतातल्या तांदळानं माह्या पोरासाठी ओटी भरू? तोंड मिटा अन् बसा रिक्षात."

किनाऱ्यावर पोचले तेव्हा परतायची घाई झालेली. बाई लुगडं सावरून पाण्यात शिरल्या. खण सोडला, हळद-कुंकू वाहिलं, हळकुंड, सुपारी, नारळ सोडला. तांदळाच्या जागी रिकामी ओंजळ धरली आणि कितीतरी वेळ काहीबाही पुटपुटत राहिल्या. दुधराम चपला हातात घेऊन मागं उभा. त्याला राहवेना.

"काय मांगतलं?"

"मांगतलं नाही, सांगतलं." बाई पाण्याकडंच बघत म्हणाल्या. "पोरगं तुह्याकडे आहे, म्हनलं. तांदूळ त्याच्या बापानं घालवला, म्हनलं. राग काढाचा असन त यायच्यावर काढजो, माह्या पोरावर नोको."

दुधरामनं चपला वाळूत टाकल्या. पँट वर न करताच तो बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि पाण्याला हात जोडून म्हणाला, "हो माय. माह्यावरच काढजो."