अँब्युलन्सचे वीस बोल्ट

गोदावरीला पूर आला तेव्हा माझं पोस्टिंग मराठवाड्यातल्याच एका छावणीत होतं. मी लान्स नायक, व्हेइकल मेकॅनिक. गाव शिरूर कासारजवळ. वर्कशॉपचे इन्चार्ज हवालदार शेख रफीक, गाव धर्मापुरी, तालुका परळी. बीड जिल्ह्याचे आम्ही दोघंच. बाकी सगळ्यांशी हिंदी बोलायचो, एकमेकांशी आपली बोली. मी त्यांना उस्ताद म्हणायचो. ते मला आडनावानं हाक मारायचे, गर्जे.

सकाळी ०९०० वाजता हुकूम आला. गेवराई तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं होतं. फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीचा ताफा, दुसऱ्या दिवशी ०५०० वाजता निघणार होता. तीन ट्रक, दोन बोटी, एक अँब्युलन्स. उस्तादांनी लगेच एकेका गाडीची चाकं तपासायला घेतली.

अँब्युलन्सपाशी ते थांबले. ती छोट्या व्हॅनवर बांधलेली होती. ट्रकच्या चाकांना नट असतात, हिच्या चाकांना बोल्ट होते. एका चाकाला पाच, चार चाकांचे वीस. सगळे चकचकीत रुपेरी. तीन आठवड्यांपूर्वी, इन्स्पेक्शनच्या आधी, मीच ते रंगवले होते. बोल्ट काढले, गंज घासला नाही, आट्यांसकट सगळ्यावर स्प्रे मारला आणि परत बसवले. कॅप्टन साहेबांनी शाबासकी दिली होती.

उस्तादांनी पाना लावला. पहिला बोल्ट दोघांनी जोर दिल्यावर कुरकुरत सुटला. त्याच्या शेजारचा नुसत्या हातानं फिरला.

"हे काम कोणाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"माझं."

ते ओरडले नाहीत. बोल्ट माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी डोक्याखालचा निमुळता भाग दाखवला.

"हा भाग रिमला धरून ठेवतो. हितं रंग बसला की चालत्या गाडीत तो दबतो अन् बोल्ट ढिला पडतो. आट्यांत गंज राहिला की तोच बोल्ट जाम होतो. चमक डोक्याला दे, गर्जे. खाली न्हाई."

तेवढ्यात कॅप्टन साहेब आले. उस्ताद सावधान झाले.

"साब, अँब्युलन्स के बीस बोल्ट दोबारा करने हैं. गलती वर्कशॉप की है. इन्चार्ज मैं हूँ."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी पुढे होऊन बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि १५०० वाजेपर्यंतची मुदत दिली.

गाडी स्टँडवर घेतली. वीसही बोल्ट काढून रंग उतरवला, गंज काढायच्या द्रावणात भिजत ठेवले, मग तारेच्या ब्रशनं घासले. खालचं पांढरं लोखंड दिसेपर्यंत मी घासत होतो. बोटांची सालं निघाली. दोन बोल्टांचे आटे खाल्लेले निघाले, ते बाद करून स्टोअरमधून नवे आणले. बाकीचे धुऊन कोरडे केले, निमुळत्या भागाला टेप गुंडाळली आणि रेशनच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांत उभे केले. डोकी तेवढी वर. त्यांच्यावर प्रायमर, मग काळ्या रंगाचे दोन पातळ हात. हीटरसमोर वाळवून वरून मेणाचा हात दिला, म्हणजे पाणी ठरत नाही.

आट्यांना ग्रीस लावायला मी डबा उघडला. उस्तादांनी झाकण लावलं. ग्रीस लागलं की टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागला की खटका देणारा पाना, खटका नेहमीसारखाच देतो, पण बोल्ट आत जास्त ताणला जातो आणि एखाद्या दिवशी तुटतो, हे त्यांनी मला तेव्हा समजावलं. कोरडे आटे, साफ रिम, टॉर्क रेंच. १४४० वाजता गाडी खाली उतरली. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या पहिल्या हॉल्टला आम्ही वीसही बोल्ट पुन्हा तपासले. एकही हललेला नव्हता.

कॉलमचा दुसरा दिवस. दुपारी १३१० वाजता बोटीतून एका बाईला आणलं. सुमन नाव, वय तिशीचं. पाण्यातून सरपण ओढताना साप चावला होता. सोबत सासू. नर्सिंग असिस्टंटनं तिला अँब्युलन्समध्ये घेतलं. ड्रायव्हर, उस्ताद आणि मी पुढे बसलो. गेवराईचं हॉस्पिटल अठरा किलोमीटर.

सहा किलोमीटरवर रस्त्यावर नडगीभर पाणी होतं. मोडलेल्या कठड्याची सळई खाली दिसली नाही. मागचं डावं टायर फाटलं. १३३१.

उस्तादांनी रेडिओ घेतला.

"कंट्रोल, अल्फा टू. टायर फट गया. ओव्हर."

"अल्फा टू, दूसरी गाड़ी चालीस मिनट. ओव्हर."

मागून नर्सिंग असिस्टंटनं सांगितलं की हिचा श्वास मंदावतोय, चाळीस मिनिटं नाहीत. सासूनं माझी बाही धरली.

"लेकरा, तिचं बोलणं बंद झालंय."

"कंट्रोल, गाड़ी की ज़रूरत नहीं. हम आ रहे हैं. आउट." उस्तादांनी रेडिओ ठेवला.

ड्रायव्हरनं जॅकखाली फळी धरली. चाक निम्मं पाण्यात होतं, बोल्ट दिसत नव्हते. मी हातानं चाचपून पाना बसवला आणि पाय दिला. पहिला बोल्ट एका झटक्यात सुटला, पुढचा बोटांनी बाहेर आला. पाचही तसेच. एकाच्याही डोक्यावरून पाना घसरला नाही, एकही अडला नाही. उस्ताद एकेक बोल्ट हातात घेत होते आणि शांतपणे मोजत होते. स्टेपनी चढली. बोल्ट आलटूनपालटून आवळले, गाडी खाली घेतली, शेवटचा टॉर्क रेंचचा खटका आला. १३३८. सात मिनिटं. उस्तादांनी माझ्या पाठीवर ओला हात मारला.

१३५५ वाजता आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. डॉक्टरांनी सुमनला आत घेतलं. संध्याकाळी कंट्रोलवरून निरोप आला, पेशंट स्टेबल. कॉलममधल्या चाळीस माणसांनी एकदम जो आवाज केला, तसा मी नोकरीत पुन्हा ऐकला नाही. सासूनं तिसऱ्या दिवशी कॅम्पवर भाकरी आणि ठेचा पाठवला. दहा दिवसांत त्या अँब्युलन्सनं एकतीस पेशंट पोहोचवले. सगळे जिवंत.

परत आल्यावर मी कॅप्टन साहेबांपुढे गेलो आणि रंग मी मारला होता हे सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं, "हवालदार साहब ने बाद में पूछने पर भी नाम नहीं बताया था." बाहेर उस्ताद उभे होते. म्हणाले, "झालं? चल, चहा घेऊ."

पुढच्या वर्षी युनिट डोंगरात गेलं. एका सकाळी दरड कोसळली आणि जवानांचा ट्रक घसरून दरीच्या काठावर अडकला. उस्ताद रिकव्हरी पार्टीचे प्रमुख होते. हुक लावायला ते स्वतः खाली उतरले. विंचच्या तारेनं ट्रक रस्त्यावर ओढला. उस्ताद वर चढत असताना दुसरी दरड आली.

धर्मापुरीला त्यांना पोहोचवायला मी गेलो होतो. अख्खं गाव रस्त्यावर होतं. मी सलामी दिली. आता मी रिटायर्ड आहे. दर वर्षी त्या तारखेला तिथे जातो आणि त्यांच्या घरी जेवूनच निघतो.

हवालदार शेख रफीक. वय एकेचाळीस. त्या दिवशी त्यांनी ओढून काढलेल्या ट्रकमध्ये सात जण होते. सातही जण घरी परतले.