शेणमंडळ आणि तुळसामावशीचं खाचर

चार शेतकरी एकत्र बसले की वाद होतो, आणि वाद जुना झाला की त्याचा किस्सा होतो. आमच्या मंडळाचे किस्से असेच साठत गेले. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मध्येच घुसतो.

मंडळाला आम्ही चांगलं भारदस्त नाव दिलं होतं, पण अख्खा मावळ आम्हाला शेणमंडळ म्हणायचा. ही जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी खळ्यावर जमायचं, बियाणं बदलून घ्यायचं, एकमेकांचं खत बघायचं. पोत्यातलं विलायती खत घालायचं नाही, एवढी एकच अट. मी कुरवंड्याचा, तिघाचौघांत वयानं लहान, म्हणून धावपळ माझ्याकडे.

* * *

खत बघायचं म्हणजे नुसतं बघायचं नाही. शिरगावचे रामजीआबा आमचे अध्यक्ष. त्यांना कुणी निवडलं नव्हतं, ते होतेच. बाही वर सारून ते खताच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात खुपसायचे. हात आत असेपर्यंत कुणी बोलायचं नाही. खत पसंत पडलं तर म्हणायचे, "चा टाका." नाही पडलं तर काही न बोलता हात धुवायला जायचे. त्यांचं ते गप्प जाणं फार लागायचं.

लोणावळ्याच्या इस्माईलभाईंचे टांगे होते, आणि तबेल्यामागे थोडी भाजी. घोड्याच्या लिदीचं खत त्यांनी पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा आबांचा हात आत गेला तो बाहेरच येईना. इस्माईलभाईंना घाम फुटला. शेवटी न राहवून ते म्हणाले, "आबा, काय ते सांगून टाका. खड्डा बुजवू का?"

"थांब की जरा," आबा म्हणाले. "मनगट धरलंय सकाळपासनं. शेकून घेतूय."

* * *

मंडळात बाई एकच, नवलाख उंबरे गावची तुळसामावशी. नवरा गेला त्या साली तिचं भाताचं खाचर पडून राहिलं, आणि दीर बाळोबानं ते मागितलं. पंचांनी सांगितलं, यंदा आषाढ सरायच्या आत सगळ्या खाचरात लावणी झाली तर जमीन तिची. नाही झाली तर बाळोबा कसणार आणि तिला पोटापुरतं भात घालणार. एकदा दुसऱ्यानं कसायला घेतलेली जमीन परत येत नाही, हे मावशीला कुणी सांगायला नको होतं.

त्याच सुमाराला गावात खताचा एजंट आला. चावडीवर त्यानं पोतं सोडलं, पांढरी पूड मुठीत घेतली आणि म्हणाला की गाडाभर शेणाचा जोर या मुठीत आहे. सगळे माना डोलवत होते. मावशीनं मागून विचारलं, "मंग ह्याच्या गवऱ्या हुत्याल का?"

चावडी हसली. बाळोबानं मात्र तिच्या नाकावर टिच्चून दोन पोती घेतली. आमच्या शेणमंडळानंच आपल्या भावजयीला फूस लावलीय, असं तो तेव्हापासून उघड बोलायला लागला.

* * *

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतात. तण मरतं, रोप जोमानं येतं. याला राब भाजणं म्हणतात, आणि रोपाच्या त्या वाफ्यालाही राबच. आबांना एका मीटिंगमध्ये साक्षात्कार झाला, की वर्षभर जपलेलं शेण जाळायचं हे पाप आहे. न भाजता, नुसतं कुजलेलं खत घालून रोप करून बघू या. तर्क बिनतोड होता. पण कुणाच्या जमिनीत बघायचं म्हटल्यावर सगळे पागोटी सावरायला लागले.

"माज्यात बगा," मावशी म्हणाली. मंडळावर तिचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास होता.

पाऊस पडला आणि ते खत खाऊन तण असं माजलं, की रोप कुठलं आणि गवत कुठलं कळेना. आबा उकिडवे बसून एकेक काडी निरखत राहिले. मावशीनं एक काडी उपटून बघितली. मग म्हणाली, "आबा, गवत मातर झ्याक आलंय." कुणालाही हसू आलं नाही.

* * *

आषाढ सरत आला आणि तिच्याकडे लावायला रोप नाही. आम्ही तातडीनं तिच्याच ओसरीवर जमलो. सगळ्यांच्या राबात रोप होतं. पण आपली लावणी पुरी व्हायच्या आत राबातलं रोप दुसऱ्याला दिलं की घराची बरकत जाते, असं आमच्याकडे पक्कं मानतात. लावणी अजून कुणाचीच झाली नव्हती. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

मावशी उंबऱ्यातून म्हणाली, "खाचर गेलं तर म्या दिराच्या दारात भाकरीला हुबी ऱ्हाईन. तेवढं नगं, आबा."

आबा उठले. "शेण न्हाई जाळलं म्या, पर हिचं घर जाळलं," ते म्हणाले आणि रोप उपटायला पावसातच शिरगावची वाट धरली. त्यांच्यामागे एकेक करून आम्ही उठलो.

* * *

पंचांनी दिलेल्या शेवटच्या दिवशी सकाळी इस्माईलभाईंचा टांगा माझ्या रोपांनी भरून लोणावळा स्टेशनात आला. पॅसेंजरच्या गार्डानं अडवलं. ओली पोती डब्यात चालणार नाहीत म्हणाला. गाडी सुटायला आलेली, आणि ही चुकली की पुढचीचा उपयोग नव्हता.

"औषध आहे, साहेब," इस्माईलभाई म्हणाले. "एक बाई फार आजारी आहे."

"एवढं?"

"दुखणंच एकरभर आहे."

गार्डानं शिट्टी तोंडातून काढली, आमच्याकडे पाहिलं, आणि पोती स्वतःच्या डब्यात घ्यायला लावली.

* * *

खाचरात मावशीनं चिखलणी करून ठेवलेली होती. सगळे ओळीनं वाकलो, आबासुद्धा. कुणाचा आंबेमोहोर, कुणाचा कोळंबा, ज्याचं रोप जसं येईल तसं लावत गेलो. बांधावर पंचांबरोबर बाळोबा पावसाचं इरलं घेऊन उभा होता. तो नुसता खाचर बघत होता.

दुपार कलली आणि रोप संपलं. खालचा कोपरा तसाच उघडा राहिला.

"सगळं खाचर, आसं ठरलं हुतं," पंचांतला एक जण खाली बघत म्हणाला.

"ठरलं ते ठरलं, वैनी," बाळोबा म्हणाला.

आबा चिखलातच बसले. मावशी रिकाम्या हातांनी उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात वरच्या वाटेनं बाळोबाची बायको हौसा आली. डोक्यावर पाटी, पाटीत रोपांच्या मुठी. नवऱ्याच्या अंगावरून ती सरळ खाचरात उतरली आणि मुठी उघड्या कोपऱ्यात टाकल्या.

"कुणाच्या राबातलं हाय हे?" बाळोबानं विचारलं.

"आपल्या."

"कुणाला इचारून उपटलंस?"

हौसानं लुगडं खोचलं आणि वाकून पहिली काडी चिखलात रोवली.

"औंदा जादा राब भाजला तो ह्याच खाचरासाटी न्हवं?" ती म्हणाली. "मंग हितंच लावतीय."