परिपाठात तिचा नंबर

“हिले काय इचारस भाऊ, हाई बोलस का कधी?”

आत्याचं हे वाक्य मी स्वयंपाकघरात चहा गाळताना ऐकलं. ती सकाळच्या एसटीने धुळ्याहून आली होती आणि बाहेरच्या खोलीत पप्पांसमोर बसून माझ्या धाकट्या बहिणीची शाळा ठरवत होती. पप्पा एवढंच म्हणाले होते की मोठीला विचारू, ती त्याच शाळेत शिकली आहे. त्यावर आत्याचं हे उत्तर, की हिला काय विचारतोस, ही बोलते का कधी.

बहिणीची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी दोन शाळा समोर होत्या. एक जळगावातली माझी शाळा: चार मजले, प्रत्येक वर्गाच्या सहा तुकड्या, फाटकाबाहेर पिवळ्या बसची रांग. दुसरी असोद्याच्या रस्त्यावरची, सेमी इंग्लिश, आठवी ते दहावी एकेकच तुकडी. बहीण बोलताना अडखळते, विशेषतः स्वतःचं नाव सांगताना. आत्याचं म्हणणं असं की मोठ्या शाळेत चारचौघांत मिसळली की जीभ सुटेल. आणि मोठीकडे बघा, एवढ्या मोठ्या शाळेत घातली तरी घुमी राहिली. मग लहान शाळेत धाकटीचं तर तोंडच उघडणार नाही.

मी गाळणी तशीच धरून उभी राहिले. माझंच उदाहरण देऊन बहिणीला त्याच शाळेत पाठवायचं चाललं होतं.

त्या शाळेत रोज सकाळी असेंब्लीत कुणीतरी माइकवर बातम्या वाचायचं. कुणीतरी म्हणजे तीच चार मुलं. पाचवीत मी बातम्या लिहून आरशासमोर पाठ केल्या आणि मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, बघू. सहावीत पुन्हा विचारलं. दहावीपर्यंत तीच चार मुलं वाचत राहिली, त्यांचे फोटो रस्त्यावरच्या फ्लेक्सवर लागले. आम्ही बाकीचे उन्हात ओळीत हात मागे बांधून उभे. वर्गात मला हाक मारायचे ती रोल नंबरने. सातवीनंतर मी विचारणं सोडलं, आणि प्रगतिपुस्तकावर शेरा आला, शांत आणि शिस्तप्रिय मुलगी. घरी सगळ्यांना आनंद झाला. मला त्या शेऱ्याचा अजून राग येतो.

मागच्या आठवड्यात आई आणि बहीण तिथे प्रवेशाची चौकशी करायला गेल्या होत्या. काउंटरवरच्या बाईंनी बहिणीला नाव विचारलं. ती पहिल्या अक्षरावर अडकली, बाईंनी आईकडे बघितलं, आईने नाव सांगितलं आणि लगेच पुढच्याला बोलावलं गेलं.

दोनच दिवसांनी लहान शाळेचे सर मोटारसायकलवर आमच्याकडे आले. पटावरची मुलं कमी झाली की तुकडी बंद होते, म्हणून उन्हाळ्यात ते घरोघरी फिरतात. त्यांनीही बहिणीला नावच विचारलं. ती अडकली. आई सवयीने बोलायला गेली, तर सर हळूच म्हणाले, “थांबा ताई, ती सांगतेय ना.” आणि खरंच थांबले. पंख्याचा आवाज येत होता. बहिणीने नाव सांगितलं, आडनावासकट. सर म्हणाले, छान, आमच्याकडे मुलं कमी, त्यामुळे परिपाठात तुझा नंबर सारखा येईल, बातम्या वाचायला आवडतील का? ती हो म्हणाली, न अडखळता. सर गेल्यावर तिने पेपर शोधला.

आता बाहेरच्या खोलीत आईने आत्याला हे सांगितलं, तर ती हसली. ज्या शाळेचे मास्तर दारोदार पोरं मागत फिरतात ती शाळा कसली, म्हणाली. शाळा कशी, एसटी स्टँडसारखी भरलेली पाहिजे.

मी चहा घेऊन बाहेर गेले. बहीण दाराच्या आड उभी होती, पेपरची घडी हातात. पप्पा म्हणत होते की तुझंही बरोबर आहे अक्का, उद्या मोठ्या शाळेतच नाव घालून टाकू. मग माझ्याकडे बघून, विषय हलका करायला असेल, त्यांनी त्यांची नेहमीची गोष्ट काढली. आम्ही असोद्याला राहत होतो तेव्हा मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कुठे चाललात म्हणून विचारायचे, उत्तर मिळेपर्यंत सोडायचे नाही. आत्याही हसली, आणि म्हणाली की कोणाची नजर लागली कोण जाणे.

कप ठेवताना बशीत चहा सांडला. मी तो पुसला नाही.

“नजर नाही लागली, आत्या,” मी म्हणाले. “त्या शाळेत जायच्या आधी मी बोलत होते. पप्पा, हिला तिथे घालू नका.”