केमोच्या खुर्चीशेजारचे आबा

केमोच्या वॉर्डात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. सलाइन सहा तास चालतं, निखिल झोपतो, मोबाईलची बॅटरी संपते आणि बघायला उरतात फक्त माणसं! निखिल माझा नवरा. वय एकतीस, फुप्फुसाचा कॅन्सर. आबा माझे सासरे. नाशिकला लागूनच टोमॅटो-कोबी पिकवतात आणि दर केमोला सोबत येतात. मी नको म्हटलं तरी!

*

डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले, "चौथी स्टेज आहे."

आबांनी विचारलं, "एकूण किती असतात?"

"चार."

"चला, म्हणजे तीन पार पडल्या!"

एरवी आबांची चूक दाखवायला मला सेकंदही लागत नाही. त्या दिवशी मी खिडकीतून पार्किंग बघत बसले. हा आजार बरा होणार नाही, जमेल तितके दिवस थोपवायचा, हे डॉक्टरांनी नंतर मला एकटीला सांगितलं. आबांना यातलं किती कळलंय, याचा अंदाज मला काही येईना.

*

चुलतसासरे भेटायला आले. "सिगारेटी किती प्यायचा?"

"एकही नाही."

"मग झालाच कसा?" विचारताना गालात तंबाखूची गोळी!

"तुम्ही आधी ती थुंकून या, मग सांगते!"

सासूबाईंनी मला आत ओढलं. निखिल खोकत खोकत हसत होता.

*

पांढऱ्या पेशी घसरल्या. आठ दिवस गर्दी नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना हात जोडले. पाहुणे यायचे ते आलेच! मग आबांनी फाटकाला पाटी लावली: 'विषारी औषध मारले आहे. आठ दिवस आत येऊ नये.'

चिटपाखरू फिरकलं नाही.

"आबा, खोटं आहे हे!"

"खोटं कसं? औषध दिलंय ना त्याला?"

*

वॉर्डात कुणी नाव विचारत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या सुरगाण्याच्या बाबांची बायको म्हणाली, "तुमची केमो कितवी?"

"दुसरी."

"आमची पाचवी. नागलीची पेज गार करून द्या."

माझ्या डाएट चार्टमध्ये नाचणीची पेज नव्हती. पण चार्टमधलं सगळं उलटून पडलं आणि पेज तेवढी पोटात राहिली. मोठी माणसं अशी बरोबर निघाली की मला भयंकर राग येतो!

*

तिसऱ्या केमोनंतर उशीवर केसच केस. निखिलनं वैतागून द्वारका चौकाजवळच्या सलूनमध्ये गोटा करून घेतला. आमच्याकडे मुलगा असं डोकं भादरतो ते बाप गेल्यावर. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या ओळखीचे तीन भाजीवाले दारात. पांढऱ्या टोप्या, पडलेले चेहरे. दार उघडलं ते आबांनीच!

तिघे थिजले. शेवटी एक चाचरत म्हणाला, "आबा... पोराचं डोकं पाह्यलं काल द्वारक्याला. आम्हाला वाटलं, तुम्ही..."

मी खरं काय ते सांगायला पुढे झाले. आबांनी हात आडवा धरून मला थांबवलं.

"बरोबर वाटलं," ते म्हणाले. "मीच गेलो. बसा, चहा टाकायला सांगतो. आन् मार्केटात कोणी विचारलं, तर हेच सांगा."