मराठीत लिहिलेली चिठ्ठी

माझा हात लवकर उठतो. शाळेत दोन मुलांची नाकं फोडली होती, आणि मी परदेशी निघालो तेव्हा आईला थंडीपेक्षा त्याचीच काळजी जास्त होती. एकोणिसाव्या वर्षी मी पुण्याहून जर्मनीतल्या बोब्लिंगेनला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी म्हणून गेलो. छातीवरच्या काळ्या पाटीवर आडनावाआधी ‘एल्डर’ लिहिलेलं होतं. एल्डर म्हणजे वडीलधारा. मला अजून धड मिसरूडही फुटलं नव्हतं.

जोडीदार अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा मुलगा, अंगानं थोराड आणि चीड यावी इतका शांत. नियमानं आम्ही एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. साडेसहाला उठायचं, आठला आपापलं शास्त्रवाचन, नऊला एकाच टेबलावर दोघांनी मिळून, आणि मग दिवसभर अनोळखी लोकांच्या दारावरच्या घंटा वाजवायच्या. लोक तोंडावर दारं आपटायचे. एकानं अंगावर कुत्रा सोडला, एका म्हाताऱ्यानं जिन्यात काठी हाणली. जोडीदार ‘शोनेन टाग’, तुमचा दिवस छान जावो, म्हणून पुढची घंटा वाजवायचा आणि माझे हात शिवशिवत राहायचे. सगळा राग मी डायरीत ओतायचो, मराठीत. जोडीदाराला त्यात यथेच्छ लाखोली वाहिलेली असायची आणि डायरी त्याच्यासमोर उघडीच पडलेली असायची. दहा महिन्यांत माझं अक्षर वाचू शकेल असा एकही माणूस भेटला नव्हता.

नोव्हेंबरात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर घंटेवर बोट ठेवलं आणि आतून मराठी ऐकू आलं. “आवाज बंद. शेजारी ऐकतील.” मग काहीतरी भिंतीवर आदळलं. दार उघडणाऱ्या बाईनं एक कान तळहातानं दाबून धरला होता आणि बोटांच्या फटीतून रक्त दिसत होतं. “काइन इंटरेसे,” आम्हाला यात रस नाही, ती म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं, “ताई, काय झालं?”

ती पांढरीफटक पडली. मागून नवरा आला, हसतमुख, स्वेटरच्या बाह्या सारख्या करत. “अरे, मराठी माणूस! ये ना आत. तुझ्या मित्रालाही घे.” त्यानं आम्हाला बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. तो सॉफ्टवेअरमध्ये, पुण्याचाच. “ऑफिसात सगळं इंग्लिश. मला जर्मन म्हणजे ‘या’, ‘गेनाऊ’, हो ला हो, एवढंच. व्हिसाचं ऑफिस म्हणू नको, डॉक्टर म्हणू नको, सगळीकडे हीच बोलते. कोर्स केलाय तिनं.”

त्यांची चार वर्षांची मुलगी जोडीदाराजवळ येऊन उभी राहिली आणि हवापाण्याचं बोलावं तसं जर्मनमध्ये म्हणाली, “पापा हाउट मामा.” बाबा आईला मारतो.

“काय म्हणते?” बापानं विचारलं.

“तिला चित्र काढायचंय,” आई म्हणाली आणि कप ठेवला.

दुसऱ्या दिवशी नऊच्या वाचनात आमच्या धर्मग्रंथातली लढायांची प्रकरणं चालू होती. माझं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, “त्याला जिन्यात गाठू आणि तुडवू.” जोडीदारानं पुस्तक मिटलं. आमच्या चर्चमधल्या एका वयस्क बाईंना फोन करून त्यानं फ्राउएनहाउसचा, म्हणजे मार खाणाऱ्या बायकांना आसरा देणाऱ्या घराचा, नंबर मिळवला. ठरलं असं की तिला आमचा ग्रंथ द्यायचा आणि आत चिठ्ठी ठेवायची. मी कागद ओढला आणि लिहिलं, “ताई, मुलीला घेऊन निघा. या नंबरवर फोन करा. आम्ही खाली थांबू.”

“जर्मनमध्ये नको?” त्यानं विचारलं.

“मराठी कुणाला वाचता येतंय?” मी म्हणालो. हे मी खरोखर म्हणालो. ज्या घरात एकाच माणसाला जर्मन येत नव्हतं, त्या घरात मी त्या माणसाच्या मातृभाषेत गुपित लिहिलं, वर स्वतःच्या हुशारीवर खूशही होतो.

तो ऑफिसात असेल अशा वेळी आम्ही गेलो. तिनं दार उघडलं आणि ग्रंथ हातात घेतला, तेवढ्यात तो गळ्यात हेडफोन अडकवून मागे आला. त्या दिवशी घरूनच काम करत होता. “बघू काय आणलंय,” म्हणत त्यानं ग्रंथ घेतला. तो चिठ्ठीपाशीच उघडला. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, माझ्याकडे बघून “थँक यू” म्हणाला आणि दार अगदी हळू लावून घेतलं.

पहिला फटका ऐकू आला तेव्हा मी दारावर लाथ घातली. कुलूप जोडीदाराच्या खांद्यानं तुटलं. आत तो तिचे केस मुठीत धरून आम्ही दिलेल्या ग्रंथानं तिच्या तोंडावर मारत होता. पुठ्ठ्याची बांधणी होती. तिचा एक दात फरशीवर पडला होता. मी त्याला खाली पाडलं आणि छातीवर बसलो. त्याचं नाक फुटलं, ओठ फाटला, तो “बस, बस रे” म्हणत होता, आणि तरी मी मारत राहिलो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. माझ्यात मारणारा हातच तेवढा उरला होता. जोडीदारानं मला काखेत धरून उचललं तेव्हा मी त्यालाही कोपर मारलं.

शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. तोंडाला टॉवेल लावून ती उभ्या उभ्या सगळं सांगत होती, चार वर्षांचं, न अडखळता, जर्मनमध्ये. नवरा जमिनीवर बसून मला विचारत होता, “काय सांगतेय रे ती?” मी सांगितलं नाही.

मग एक पोलीस बाई त्या दोघींना फ्राउएनहाउसला न्यायला निघाली. मुलीचा एक बूट दारापाशी राहिला होता. मी तो उचलला आणि जिन्यात तिच्यापुढे वाकलो. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खाली बसली.

“ताई, चिठ्ठीचं चुकलं माझं,” मी म्हणालो.

“चिठ्ठीचं राहू दे,” ती सुजलेल्या तोंडानं म्हणाली. “हिच्याजवळ नको येऊस आत्ता. हिनं तुला मारताना बघितलंय.”

मी बूट पायरीवर ठेवला आणि भिंतीला टेकून त्यांना वाट दिली. ती मुलगी आता मोठी झाली असेल. मी तिला आठवत असेन, तर तसाच आठवत असणार.