दुपारची वेणी

मी चौथी शिकलेला. खडकीच्या फॅक्टरीत जन्मभर पान्याने नट आवळले. सजवून लिहिता येत नाही, झालं तसं सांगतो.

नात पंधरा वर्षांची. न्यूमोनिया झाला, श्वास पुरेना. मुलांच्या आयसीयूत जागा नव्हती, म्हणून मोठ्यांच्या आयसीयूत घातली. तोंडात नळी, व्हेंटिलेटर, औषधाने झोपवलेली. आम्ही बाहेर बाकड्यावर. संध्याकाळी दहा मिनिटं आत.

हा नियम मला पाठ होता. दोन वर्षांपूर्वी बायको अशाच दारामागे गेली. मी नियम पाळला, बाकड्यावर बसून राहिलो. ती संपली तेव्हा आत बोलावलं. तिच्या केसांचा नुसता गोळा झाला होता.

अर्धांगाने तिचा उजवा हात गेल्यापासून तिची वेणी मी घालायचो. चार वर्षं. पहिल्या दिवशी म्हणाली, "अहो, वेणी घालताय की दोरखंड वळताय?" पुढे हात बसला. तिचे टोमणे काही थांबले नाहीत.

तिसऱ्या दिवशी नातीला मुलांच्या आयसीयूत जागा मिळाली. तिथे एकाला जवळ बसू देतात. भिंतीवर छत्री धरलेला हत्ती, आणि पोरीचे पाय पलंगाच्या टोकाला टेकलेले. रात्री सून बसायची, दुपारी ती घरी गेली की मी.

पहिल्याच दुपारी सिस्टर म्हणाली, "आजोबा, केसांचा गुंता झालाय. मागची गाठ रुतून जखम होईल. कापावे लागतील, घरी विचारून ठेवा."

सुनेला विचारलं. "कापू द्या बाबा. पोरगी उठू दे, केस काय, परत येतील." बरोबरच होतं तिचं. पण माझ्याने ऐकवेना. दुसऱ्या दिवशी सिस्टरला म्हणालो, "कात्री लावायच्या आधी मला दोन दुपारी द्या."

"तुम्हाला जमणार?"

"चार वर्षं केलंय. तुम्ही किती वर्षं करताय हे काम?"

"तीन," ती म्हणाली. हसली नाही. मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. "नळीला धक्का लागला तर बाहेर काढीन."

"काढा."

तिने नळी सांभाळून डोकं जरा वळवून धरलं. मी टोकाकडून एकेक बट बोटांनी सोडवायला घेतली. ती दुसऱ्या पेशंटकडे गेली की मी थांबायचो. केस थेट आजीचे, दाट आणि हट्टी. सोडवता सोडवता मी बोलत होतो. आधी नातीशी, मग बायकोशी. तुझ्या वेळी भांडून आत यायला हवं होतं, म्हटलं. डोळे गळायला लागले. सिस्टरने पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दुपारी गुंता सुटला. मी मागे एकच वेणी घालणार होतो. सिस्टर म्हणाली, "मागे नको, डोक्याखाली येईल. कानांजवळ दोन घाला." चार वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग ताप उतरला. झोपेचं औषध कमी केलं. डॉक्टर म्हणाले, जागी राहिली, स्वतः श्वास घेतला, तर नळी काढू. त्या दुपारी तिने डोळे उघडले. हाताने लिहायची खूण केली. सिस्टरने पुठ्ठ्यावर कागद धरला. मला वाटलं, आईला बोलव म्हणेल.

वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "हत्ती का? मी बाळ आहे?"

सिस्टर पहिल्यांदा हसली. पोरीचा हात चाचपडत डोक्यावर गेला. पुन्हा लिहिलं, "वेणी कोणी?"

"मी."

बोट डोक्यावरून पुढून मागे फिरवलं, मग लिहिलं, "भांग वाकडा."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा नळी निघाली होती. नाकाला ऑक्सिजन होता. आवाज पार घोगरा. मला बघून तिने डोकं भिंतीकडे वळवलं, केस माझ्याकडे केले.

"आजोबा, आज नीट घाला. आणि ओढू नका."

मी हात धुऊन आलो आणि दोन्ही वेण्या सोडल्या.