दुधाळ पट्टी

आमची आत्या भट्टीपाशी उभी असली की तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात ती रेझिनचं काम करते. दोन द्रव मिसळायचे, साच्यात ओतायचे, मंद ऊब देऊन कडक होऊ द्यायचे. एकदा कडक झालं की पुन्हा वितळणं नाही. आत्याचा स्वभावही तसाच.

तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, एक पाय गुडघ्याखाली नाही. त्यांच्या कृत्रिम पायातली तळव्याची पट्टी जिन्यात मोडली आणि ते असे आपटले, की त्यांनी जिन्याचा धसकाच घेतला. घर वरच्या मजल्यावर. बाबा खिडकीपाशी बसून राहू लागले. मला त्यांचा राग यायचा, आणि रडूही.

साधं रेझिन ठिसूळ असतं. म्हणून नव्या पट्टीत आत्या एक रबरासारखा पदार्थ घालणार होती.

"त्याचे रेणू साखळीसारखे लांब असतात. साखळीचं एक टोक रेझिनशी जुळवून घेतं, दुसऱ्याचं पटत नाही," ती म्हणाली. "न पटणारी टोकं एकत्र जमतात, पण जुळवून घेणारी त्यांना लांब जाऊ देत नाहीत. म्हणून त्यांचे थेंब इतके बारीक राहतात की डोळ्यांना दिसत नाहीत. तडा गेलाच तर तेच अडवतात. भट्टी तापवून घाई केली, की सगळं फाटतं. थेंब फुगतात आणि पट्टी दुधाळ होते."

हे सगळं पाठ असलेल्या बाईनं भावाच्या पट्टीसाठीच भट्टी जास्त तापवली. त्याला खिडकीत बसलेलं तिला बघवत नव्हतं. पट्टी निघाली ती दुधाळ.

आत्या ती तशीच घरी घेऊन आली आणि बाबांसमोर दाराच्या फटीत अडकवून वाकवली. कट्कन मोडली.

"उतावळी तू," बाबा म्हणाले, "आणि बाशिंग माझ्या गुडघ्याला!" कितीतरी दिवसांनी ते हसले. आत्या मात्र हसली नाही. डोळे पुसत निघून गेली.

पुढची पट्टी यायला बराच वेळ लागला. आरपार माझी बोटं दिसत होती. दाराच्या फटीत वाकली आणि सरळ झाली. आत्यानं ती पायात बसवून दिली, तरी बाबा जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभेच.

"ही पण माझ्या काळजीनं केलीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही रे. या वेळी तुला विसरून केली."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. कठडा सोडला नाही, पण पहिल्या पायरीवर आधी कृत्रिम पाय टाकला.